पदवी ही पहिली पायरी : वैद्यक आणि माहिती तंत्रज्ञान क्षेत्रांतील अखंड अध्ययन
(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



प्राचीन गुरुकुलात शिक्षण पूर्ण झाले की शिष्याचा समावर्तन संस्कार होई. निरोपाच्या त्या प्रसंगी आचार्य शिष्याला जो उपदेश करीत, तो तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत आलेला आहे. सत्याने वाग, धर्माने वाग, एवढे सांगून आचार्य थांबत नाहीत. स्वाध्यायात कुचराई करू नकोस, असेही ते बजावतात. ज्या दिवशी शिक्षण संपले असे शिष्याला वाटते, नेमक्या त्याच दिवशी ते संपलेले नाही असे त्याला सांगितले जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय याच उपदेशाचे आधुनिक रूप आहे. बृहन्महाराष्ट्रातील मराठी शाळांतून शिकून बाहेर पडणारी अनेक मुले-मुली आज वैद्यक आणि माहिती तंत्रज्ञान या दोन क्षेत्रांकडे वळतात. त्यांच्या प्रवेशाची चिंता सारे घर वाहते. परंतु प्रवेशानंतरच्या चाळीस वर्षांचा विचार फारसा कोणी करीत नाही.

साठ वर्षांचा काळ शाळेच्या इतिहासात मोठा, तर ज्ञानाच्या इतिहासात लहान. तरीही या लहानशा अवधीत काय काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. साठ वर्षांपूर्वी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला देवी या रोगाचा अभ्यास प्रत्यक्ष रुग्ण पाहून करावा लागे. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. सीटी स्कॅन हा शब्द त्या विद्यार्थ्याच्या पुस्तकात असणेच शक्य नव्हते, कारण या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले ते १९७१ मध्ये. संगणक तेव्हा खोलीभर जागा व्यापीत असे आणि निवडक संशोधन संस्थांतच तो पाहायला मिळे. पदवीच्या दिवशी मिळालेले ज्ञान तेवढेच जवळ बाळगून जो डॉक्टर निवृत्तीपर्यंत व्यवसाय करीत राहिला असेल, त्याने नकळत आपल्या रुग्णांचे किती नुकसान केले असेल, याचा विचार केला म्हणजे या विषयाचे गांभीर्य ध्यानात येते.

एक उदाहरण तपशिलाने पाहू. पोटातील व्रण, म्हणजे अल्सर, हा मानसिक ताण, तिखट आहार आणि जठरातील आम्ल यांमुळे होतो, असे दीर्घकाळ शिकवले जाई. रुग्णाला दूध प्यायला सांगत, आम्ल कमी करणारी औषधे वर्षानुवर्षे देत, कित्येकांवर शस्त्रक्रियाही होत. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तरात वाकडे जिवाणू दिसले. जठरातील तीव्र आम्लात कोणताही जिवाणू तग धरणे अशक्य, हा त्या काळचा सिद्धान्त होता. बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर वॉरेन यांना येऊन मिळाले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत प्रयोगशाळेतील बशा नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या आणि हळू वाढणारा तो जिवाणू प्रथमच बशीत वाढलेला दिसला. तरीही कोणाला पटेना. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः पिऊन दाखवले आणि काही दिवसांतच त्यांच्या जठराला दाह झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेने प्रतिजैविकांच्या उपचाराची शिफारस केली ती १९९४ मध्ये. वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००५ मध्ये.

या कथेत संशोधकांच्या धैर्याचे कौतुक नेहमी होते. परंतु तिची दुसरी बाजू सामान्य डॉक्टरची आहे. १९८० साली पदवी घेतलेल्या डॉक्टरला शिकवले गेले ते त्या काळी खरेच मानले जात होते. त्यात त्याची चूक नव्हती. १९९४ नंतरही तो जर रुग्णाला केवळ दूध आणि आम्लनाशक गोळ्या देत राहिला असेल, तर मात्र दोष त्याच्याकडे जातो. दोन आठवड्यांच्या उपचाराने बरा होऊ शकणारा रुग्ण त्याच्यापुढे वीस वर्षे कण्हत बसला, असा त्याचा अर्थ होतो.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील रुग्णालयात कॉलराच्या रुग्णांना जमिनीवर दाटीवाटीने झोपवावे लागले. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते आणि ते देणारे प्रशिक्षित हातही अपुरे होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या बांधून घेतल्या. ते मिश्रण पाण्यात विरघळवून पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. ग्लुकोजबरोबर सोडियम आतड्यात शोषले जाते, हे शास्त्र आधीच ठाऊक होते. ते ज्ञान प्रयोगशाळेतून जमिनीवरच्या रुग्णापर्यंत नेणारा माणूस तेथे होता, हे महत्त्वाचे. शिरेतील सलाईनवाचून कॉलरा बरा होतो, यावर अनेक अनुभवी डॉक्टरांचा विश्वास बसायला मात्र वेळ लागला.

आज आपल्याकडे जलसंजीवनी म्हणून घरोघरी ओळखले जाणारे हेच ते द्रावण. पण तेही शिकून संपलेले नाही. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या घटकांचे प्रमाण बदलले. मीठ आणि ग्लुकोज दोन्ही कमी केले, कारण कमी तीव्रतेच्या द्रावणाने मुलांचे जुलाब लवकर आटोक्यात येतात असे अभ्यासांतून दिसले. २००४ मध्ये त्याबरोबर दहा ते चौदा दिवस झिंक देण्याची शिफारस आली. म्हणजे ज्या डॉक्टरने तरुणपणी जुने सोडून नवे स्वीकारले, त्यालाही उतारवयात पुन्हा एकदा नवे शिकावे लागले. एकदा आधुनिक झालेला माणूस कायमचा आधुनिक राहत नाही.

या अनुभवांतूनच डॉक्टरांच्या अखंड शिक्षणाचे नियम आले. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत प्रत्येक डॉक्टरने पाच वर्षांत किमान ३० तास अशा शिक्षणात सहभागी व्हावे, असे म्हटले आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने तर नोंदणीचे नूतनीकरण अशा श्रेयांकांशी जोडले. ब्रिटनमध्ये २०१२ च्या अखेरीपासून दर पाच वर्षांनी डॉक्टरच्या परवान्याची फेरतपासणी होते आणि तिच्यात सहकाऱ्यांचे व रुग्णांचे अभिप्रायही विचारात घेतले जातात.

नियम चांगलेच आहेत. परंतु शाळेत हजेरीपट आणि शिक्षण यांत जे अंतर असते, तेच येथेही आहे. सभागृहात येऊन सही करावी, एखादे भाषण ऐकावे, भोजन करावे आणि प्रमाणपत्र घेऊन परतावे, असे अनेक ठिकाणी घडते. त्यातून भोजनाचा खर्च एखाद्या औषध कंपनीने उचललेला असेल, तर शिकवले काय जाते आणि का शिकवले जाते, हाही प्रश्न उभा राहतो. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात वैद्यकीय शिक्षणाच्या अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र पाहण्यात आले. केवळ व्याख्याने ऐकून डॉक्टरांच्या प्रत्यक्ष व्यवहारात फारसा बदल होत नाही, चर्चा, सराव आणि प्रत्यक्ष रुग्णांची उदाहरणे असतील तेथे तो होतो, असे त्यातून दिसले. एका व्याख्यानातच हे सांगितले जात आहे, हा योगायोग श्रोत्यांच्या ध्यानात आलाच असेल.

अनुभव हाच गुरू, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ते पूर्ण सत्य नाही. २००५ मध्ये हार्वर्डमधील संशोधकांनी ६२ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक अभ्यासांत डॉक्टरच्या व्यवसायाची वर्षे जसजशी वाढत गेली, तसतसे नव्या ज्ञानाशी किंवा ठरलेल्या उपचारपद्धतीशी त्याचे नाते सैल होत गेलेले आढळले. ज्येष्ठ डॉक्टरांविषयीचा आदर यामुळे कमी व्हावा असे नाही. हातांचे कौशल्य, रुग्णाचा चेहरा वाचण्याची दृष्टी आणि संकटातील स्थिरता अनुभवानेच येते. पण वीस वर्षांचा अनुभव आणि एकाच वर्षाचा वीस वेळा घेतलेला अनुभव, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या संदर्भात डॉ. अतुल गावंडे यांचे उदाहरण उद्बोधक आहे. त्यांच्या वडिलांचे घराणे विदर्भातील उटी या खेड्यातले. स्वतः गावंडे हे अमेरिकेतील बोस्टनचे नामवंत शल्यविशारद आणि लेखक. सुमारे आठ वर्षे शस्त्रक्रिया केल्यानंतर आपली प्रगती थांबली आहे, असे त्यांना जाणवले. गायक आणि खेळाडू आयुष्यभर गुरू किंवा प्रशिक्षक ठेवतात, मग शल्यविशारदाने का ठेवू नये, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी आपल्या निवृत्त गुरूंना, डॉ. रॉबर्ट ऑस्टीन यांना, शस्त्रक्रियागृहात केवळ पाहण्यासाठी बोलावले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. गावंडे यांना वाटले, सांगण्यासारखे काही नसेल. गुरूंच्या वहीत मात्र नोंदी भरलेल्या होत्या. दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता आणि बराच वेळ कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शिष्याची कोपरे मधूनमधून खांद्यापर्यंत वर जात होती, तेवढ्याने हाताचा नेमकेपणा कमी होत होता. रुग्णावरील आच्छादन अशा रीतीने घातले होते की समोरच्या सहायकाला हात हलवायला जागा उरली नव्हती. २०११ मध्ये गावंडे यांनी हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला. कीर्तीच्या शिखरावर असताना आपल्या उणिवा दाखवण्यासाठी कोणाला तरी बोलावणे, हे अखंड अध्ययनाचे सर्वांत अवघड रूप आहे. त्यासाठी बुद्धीपेक्षा नम्रता अधिक लागते.

आता माहिती तंत्रज्ञानाकडे वळू. येथे वैद्यक परिषदेसारखी परिषद नाही, नोंदणी नाही, श्रेयांकांची सक्तीही नाही. या क्षेत्रात नूतनीकरणाचे काम बाजार करतो आणि तो पूर्वसूचना देत नाही. सन २००० च्या आधीच्या काही वर्षांत भारतीय अभियंत्यांना मोठ्या प्रमाणावर काम मिळाले, त्याचे एक कारण दोन अंकांत लिहिलेली वर्षे होती. जुन्या आज्ञावलींत जागा वाचवण्यासाठी १९६५ ऐवजी केवळ ६५ लिहीत. शतक बदलताच यंत्राला ०० म्हणजे १९०० वाटेल, ही भीती होती. या आज्ञावलींपैकी बऱ्याचशा कोबोल भाषेत होत्या. अनेक तरुणांनी ती भाषा शिकली, ते परदेशी गेले, घरे उभी राहिली. पण १ जानेवारी २००० ची सकाळ उजाडली आणि त्या कामाची गरज ओसरली. ज्यांनी तोवर नव्या भाषा, जाळ्यावरील प्रणाली आणि माहितीसाठ्यांची नवी तंत्रे शिकून घेतली होती, ते पुढे गेले. ज्यांनी एका भाषेलाच व्यवसाय मानले, त्यांना अडचण आली. जुने सारेच निरुपयोगी होते, असे मात्र नव्हे. बँकांच्या मोठ्या संगणकांवर कोबोल आजही चालते. तर्कशास्त्र, गणित, समस्येचे लहान भाग पाडण्याची सवय, या गोष्टी कोणत्याही भाषेत जुन्या होत नाहीत. बदलते ते हत्यार. हात आणि डोके तयार असले की नवे हत्यार पेलता येते.

कोबोलच्या घडणीवर जिच्या कार्याचा मोठा प्रभाव होता, ती ग्रेस हॉपर ही गणिताची प्राध्यापिका होती. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकी नौदलात दाखल झाली. १९५२ मध्ये तिने पहिल्या संकलकांपैकी एक तयार केला. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, ती नौदलातून निवृत्त झाली. तिच्या कार्यालयात उलट दिशेने फिरणाऱ्या काट्यांचे एक घड्याळ होते. नेहमी असेच करत आलो म्हणून पुढेही असेच करायचे, या वृत्तीला ते उत्तर होते. काटे उलटे फिरले तरी वेळ बरोबर कळते, फक्त पाहणाऱ्याला सवय बदलावी लागते.

वैद्यक आणि माहिती तंत्रज्ञान ही क्षेत्रे आता वेगळी राहिलेली नाहीत, हे २०१७ च्या एका घटनेने जगाला दाखवले. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या संगणक प्रणालीतील एक दोष दूर करणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. १२ मे रोजी वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने नेमक्या त्याच दोषातून जगभर शिरकाव केला. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील २३६ रुग्णालय-संस्थांपैकी किमान ८० संस्थांच्या कामकाजाला तिची झळ पोहोचली. सुमारे १९,००० भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज पुढे आला. रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. दुरुस्ती उपलब्ध होऊन जवळजवळ दोन महिने झाले होते, सूचनाही गेल्या होत्या. त्या अमलात आणण्याचे मात्र अनेक ठिकाणी राहून गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर अशाच प्रकारचा हल्ला झाला, तेव्हा तेथील नोंदी, तपासण्या आणि रुग्णांचे दाखले कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. संगणक विभागातील एखाद्याने वेळेवर न वाचलेली सूचना खाटेवरच्या रुग्णापर्यंत कशी पोहोचते, हे यावरून समजावे.

याहून बोलके उदाहरण थेरॅक-२५ या यंत्राचे आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या या कॅनडातील यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडातील सहा रुग्णांना ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट किरणोत्सर्ग दिला. काहींचे प्राण गेले. आधीच्या यंत्रात मात्रा मर्यादेत ठेवणारे यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात सुरक्षेचा भार मुख्यतः संगणकाच्या आज्ञावलीवर टाकण्यात आला. टेक्सासमधील एका रुग्णालयात यंत्र चालवणारी तंत्रज्ञ अत्यंत सराईत होती. तिने एक अक्षर चुकीचे टंकले आणि काही सेकंदांतच मागे जाऊन ते सुधारले. पडद्यावर सुधारलेले अक्षर दिसत होते, पण यंत्राच्या आतील एक भाग जुन्याच आज्ञेवर राहिला. पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटला, ५४. त्याचा उलगडा पुस्तिकेत नव्हता. असे क्रमांक रोज येत असल्याने ते दुर्लक्षून पुढे जाण्याची सवय पडली होती. निर्मात्यांना हा दोष सापडेना. अखेर त्या रुग्णालयातील भौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच तंत्रज्ञ महिलेने यंत्रासमोर बसून पुन्हा पुन्हा टंकन केले आणि रहस्य शोधून काढले. दुरुस्ती पुरेशा वेगाने केली, तरच दोष प्रकट होत होता. सावकाश तपासणाऱ्याला तो कधीच दिसला नसता.

या घटनेतून दोन्ही व्यवसायांना धडा मिळाला. आज्ञावली लिहिणाऱ्याने रुग्णालयात माणसे यंत्र कसे वापरतात, हे शिकले पाहिजे. यंत्र वापरणाऱ्याने त्याच्या आत काय चालते, हे निदान प्रश्न विचारण्यापुरते तरी जाणले पाहिजे. समजला नाही असा इशारा दुर्लक्षून पुढे जाणे, ही सवय शाळेच्या बाकावर लागते. न समजलेला शब्द सोडून पुढचे पान उलटणारा विद्यार्थी उद्या न समजलेला दोष-क्रमांक सोडून पुढची कळ दाबणार असतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आगमनाने हा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला होणारी हानी छायाचित्रावरून ओळखणारी प्रणाली गूगलच्या संशोधकांनी तयार केली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सव्वा लाखांहून अधिक छायाचित्रांवर ती घडवली होती आणि त्यांत भारतातील नेत्ररुग्णालयांतील छायाचित्रांचाही समावेश होता. प्रयोगात तिने तज्ज्ञांच्या तोडीचे काम केले. पुढे थायलंडमधील ११ आरोग्य केंद्रांत ती वापरून पाहिली गेली, तेव्हा वेगळेच दिसले. तेथील परिचारिकांनी काढलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे प्रणालीने नाकारली. खोलीतील उजेड, रुग्णांची रांग, मंद गतीचे इंटरनेट यांचा विचार प्रयोगशाळेत झालेला नव्हता. २०२० मध्ये संशोधकांनी ही निरीक्षणे मोकळेपणाने प्रसिद्ध केली. म्हणजे अभियंत्यांना परिचारिकांकडून शिकावे लागले. अखंड अध्ययनात गुरू नेहमी वरच्या पायरीवरच बसलेला असतो, असे नाही.

गडचिरोलीतील डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे कार्य हीच गोष्ट वेगळ्या अंगाने सांगते. दोघांनी नागपूरला पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेतले होते. खेड्यात काम करताना केवळ उपचार पुरेसे नाहीत, संशोधनाची पद्धत शिकली पाहिजे, हे जाणवल्यावर दोघे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि परत येऊन गडचिरोलीत राहिले. नवजात बालकांचा मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी गावातल्याच, थोडेसेच शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे, वेळप्रसंगी इंजेक्शन देणे, हे सारे त्या शिकल्या. एकदाच प्रशिक्षण देऊन काम संपले नाही. त्यांच्या नोंदी नियमित तपासल्या गेल्या, चुका समजावून दिल्या गेल्या. नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आले. २०११ मध्ये देशपातळीवर आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत स्वीकारली गेली. ज्या स्त्रियांकडे पदवी नव्हती, त्यांच्याकडे स्वाध्याय होता आणि त्याने बालके वाचली.

हे सारे शाळेच्या हीरक महोत्सवात सांगण्याचे कारण काय? अखंड अध्ययनाची क्षमता महाविद्यालयात निर्माण होत नाही, ती शाळेत एकतर रुजते किंवा मरते. गुणांसाठी उत्तरे पाठ करणारा विद्यार्थी परीक्षा संपताच पुस्तक बंद करतो आणि पदवी मिळताच कायमचे बंद करतो. शिकणे म्हणजे परीक्षा, असे ज्या मुलाला दहा वर्षे शिकवले, त्याला परीक्षा नसताना शिकण्याचे प्रयोजन कळावे अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. या बाबतीत शाळांनी आत्मपरीक्षण करावे, तसे पालकांनीही करावे. मुलाने आज किती गुण मिळवले, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. आज कोणता प्रश्न विचारलास, असे किती घरांत विचारले जाते?

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यासंबंधी येथे प्रामाणिकपणे बोलणे आवश्यक आहे. मातृभाषेत संकल्पना पक्की झालेला विद्यार्थी अकरावीत किंवा वैद्यकीय महाविद्यालयात इंग्रजीत तेच विषय पुन्हा नव्याने शिकतो. ‘पेशी’ला ‘सेल’ आणि ‘त्वरणा’ला ‘ॲक्सिलरेशन’ म्हणायला तो काही महिन्यांत सरावतो. वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी ज्याने सारी परिभाषा बदलून घेतली, त्याने पुनःशिक्षणाचा पहिला धडा इतरांच्या आधीच गिरवलेला असतो. हे त्याचे बळ आहे. दुसरी बाजूही खरी आहे. भरलेल्या वर्गात मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारण्याचा संकोच त्याला गप्प बसवतो, आणि गप्प बसण्याची सवय पुढे रुग्णालयात व कार्यालयातही टिकते. व्याकरण चुकले तरी चालेल, शंका राहता कामा नये, हे शाळेनेच त्याच्या मनावर ठसवले पाहिजे. त्यासाठी आधी मराठीत शंका विचारणाऱ्या मुलाचे वर्गात स्वागत झाले पाहिजे.

माजी विद्यार्थिनींविषयी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. बाळंतपण, मुलांचे संगोपन, वृद्धांची सेवा किंवा पतीची बदली यांमुळे डॉक्टर किंवा अभियंता झालेल्या अनेक मुलींच्या व्यवसायात पाच-सात वर्षांचा खंड पडतो. परतताना ज्ञान मागे पडल्याची भीती वाटते आणि पुष्कळ जणी परततच नाहीत. घरादाराने वाढवलेले, समाजाने पैसा खर्चून घडवलेले ज्ञान अशा रीतीने विझते. येथे अखंड अध्ययन हाच परतीचा पूल आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेला एनपीटीईएल हा उपक्रम, २०१७ पासूनचे ‘स्वयम्’ हे शासकीय व्यासपीठ, यांवर उत्तम अध्यापकांची व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात. पाळणा हलवता हलवता रोज अर्धा तास अभ्यास शक्य आहे, असे सांगणे सोपे आहे. तो अर्धा तास तिला मिळावा म्हणून पाळण्याची दोरी दुसऱ्या कोणी तरी हाती घ्यावी लागते. घरातील इतरांनी एवढे केले, तर कितीतरी कन्या आपल्या व्यवसायात सन्मानाने परततील.

ज्यांना प्रत्यक्ष आरंभ करायचा आहे, त्यांच्यासाठी चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, आपल्या चुकांची एक वही ठेवावी. फसलेले निदान, कोसळलेली प्रणाली, न समजलेला इशारा, यांची नोंद करून महिन्याने ती वाचावी. दुसरी, आठवड्यातील एक तास आपल्या विषयातील नव्या वाचनासाठी राखून ठेवावा आणि वाचताना हे कोणी लिहिले, कोणाच्या पैशाने लिहिले आणि पुरावा काय, हे पाहावे. तिसरी, वर्षातून एकदा तरी कोणा जाणत्याला आपले काम पाहायला बोलवावे. चौथी, जे शिकले ते दुसऱ्याला शिकवावे. शिकवताना जे अडते, तेच आपल्याला अजून कळलेले नसते. प्रत्येक शिक्षकाला हे रोज अनुभवाला येते.

शाळेच्या आवारात आज पांढऱ्या केसांचे माजी विद्यार्थी आणि नव्या गणवेशातील बालके शेजारी शेजारी बसली आहेत. ज्येष्ठांपैकी अनेकांनी पाटी-पेन्सिलीने आरंभ केला आणि आज त्यांच्या हाती मोबाइल आहे. तो वापरायला त्यांना बहुधा नातवंडांनीच शिकवले असेल. सत्तराव्या वर्षी दहा वर्षांच्या मुलाला ‘हे कसे करायचे रे?’ असे विचारण्यात ज्यांना कमीपणा वाटला नाही, त्यांनी स्वाध्याय सोडलेला नाही. पुढील वर्षी या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांनी पदवी, नोकरी आणि पगार यांची स्वप्ने जरूर पाहावीत. कधी तरी रुग्णाच्या खाटेशी किंवा संगणकाच्या पडद्यासमोर न समजलेले काही पुढे येईल, तेव्हा ते सोडून पुढे न जाता थांबून विचारावे. एवढे जरी या शाळेने त्यांना शिकवले असेल, तरी साठ वर्षांचे श्रम सार्थकी लागले, असे म्हणता येईल.